कसबा पेठेतला यार्देन

गथशेमाने म्हटलं की मला शेंगदाण्याच्या तेलाचा वास येतो. यार्देन नदी म्हटलं की नव्या पुलाखालची मुठा दिसते; अलीकडे धोबी कपडे आपटताहेत आणि पलीकडे म्हशी पाण्यात बसून आहेत. बेथलेहेमच्या मेंढपाळांना माझ्या डोळ्यांपुढे लाल मुंडासं असतं, खांद्यावर घोंगडी असते आणि ते मेंढरांना हाकताना जीभ टाळूला लावून आवाज काढतात. आता सत्तरी ओलांडली. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, नकाशावर पट्टी ठेवून कितीतरी वर्गांना तांबडा समुद्र आणि मृत समुद्र दाखवला, चुकलेल्या पोरांना बाकावर उभं केलं. तरी डोळे मिटले की माझं यरुशलेम कसबा पेठेतच असतं. याला सर्वस्वी जबाबदार माझी आई.

हे आत्ताच लिहायला घेतलं, कारण आमच्या चर्चच्या मंडळीतून पवित्र भूमीची यात्रा निघते आहे आणि मी नाव दिलं आहे. ही यात्रा याआधी दोनदा पुढे ढकलली गेली. तिकडे लढाई पेटली होती. आता जरा निवळलंय म्हणतात. पुन्हा पेटली तर पुन्हा ढकलतील आणि मी पुन्हा बॅग भरीन, त्यात काय. माझा मुलगा अभय हिंजवडीला कंपनीत आहे. त्याला हे बिलकूल पसंत नाही. परवा म्हणाला, "आई, अगं आता घरबसल्या सगळं बघता येतं. तो चष्मा लावायचा की थेट कालवरीच्या टेकडीवर! गुडघे तरी वाचतील." मी म्हटलं, "तू महाबळेश्वरला हनिमूनला गेलास तो चष्मा लावून गेलास का?" त्यानंतर त्यानं विषय काढलेला नाही. सूनबाई शहाणी. तिनं काही न बोलता गुडघ्यांचे पट्टे आणून दिले.

पण अभयला न सांगितलेली एक भीती आहे, ती इथं सांगते. गुडघ्यांची नाही आणि लढाईचीही नाही. आईच्या माहेरचं गाव नगर जिल्ह्यातलं. ते मी लहानपणी तिच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की ओढा कुठं वळतो आणि चिंचा कुठल्या झाडाच्या गोड हेसुद्धा मला ठाऊक होतं. लग्न झाल्यावर एकदा त्या बाजूला गेले असता मुद्दाम वाट वाकडी करून ते गाव पाहून आले. ओढा होता, चिंचाही होत्या, कुणी काही फसवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आईनं सांगितलेलं गाव मला आठवेनासं झालं. आठवायला गेलं की मी पाहिलेलंच पुढे येतं, एस.टी.च्या थांब्यावरच्या पत्र्यासकट. तसंच आता यरुशलेमचं झालं तर? खरी जागा एकदा डोळ्यांनी पाहिली की आईनं दाखवलेली पुसली जाईल, आणि आईचं माझ्याकडे तेवढंच तर उरलं आहे. हा धाक मनात घेऊनच मी पासपोर्ट नवा करून आणला. धाक असणं वेगळं आणि न जाणं वेगळं.

आमचं घर तांबट आळीच्या तोंडाशी, एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दोन खोल्या आणि पुढे रस्त्याला लागून अरुंद ओटा. सकाळी उजाडायच्या सुमारास आजोबा कुटुंबप्रार्थनेला बसवायचे आणि नेमकं त्याच वेळी आळीत हातोड्या सुरू व्हायच्या. तांब्याच्या हंड्यावर ठोके पडायला लागले की आजोबा आवाज चढवायचे. हंडा मोठा असला तर प्रार्थनाही मोठ्यानं व्हायची. पप्पा छापखान्यात जुळारी होते. दिवसभर शिशाचे खिळे उचलणारा माणूस, बोलायचे फार कमी. त्यांचा आवाज घरात ऐकू यायचा तो गाताना. पेटी आजोबांची आणि गळा पप्पांचा, अशी वाटणी होती. मी आणि माझा धाकटा भाऊ जॉन झोपेत डुलत बसायचो. आई स्टोव्हपाशी बसून, पोळपाटावर पीठ तसंच ठेवून, डोळे मिटायची. आमेन झालं की पहिली भाकरी तव्यावर पडायची. रविवारी उपासनेहून आल्यावर मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, इतर दिवशी बहुतेक शिपी आमटी. ही नगरकडची डाळ, मसाल्यात भिजलेली, तिखट, आणि आजोबांना ती इतकी प्रिय की पुण्याच्या गोड आमटीला ते 'पाणी' म्हणायचे, आमटी म्हणायचेच नाहीत.

आजोबा म्हणजे पप्पांचे वडील. जन्मभर खेडोपाडी पायी हिंडून शुभवर्तमान सांगणारे प्रचारक होते; निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. तरुणपणी त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढलं होतं. ती गोष्ट ते फारशी सांगत नसत, पण तिचा एक परिणाम घरात रोज जाणवायचा. देव चार भिंतींत नाही, डोंगरावर नाही, नदीत नाही, हे त्यांनी मोठी किंमत देऊन मिळवलेलं ज्ञान होतं आणि त्याला ते धक्का लागू देत नसत. "आपल्यात तीर्थ नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की बाराखडीनंतर मला तेच पाठ झालं असावं. चर्चमध्ये पाळकसाहेबांनंतर त्यांचाच शब्द. पंचांपैकी कुणी त्यांच्यापुढे खुर्चीला टेकून बसायचं नाही.

आई मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली. लग्नानंतर चर्चमधल्या मुलांचा शनिवारचा शास्त्रवर्ग तिच्याकडे आला. पाच-सहा वर्षांपासून बारा-तेरापर्यंतची पोरं, त्यात आम्ही दोघं. वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरायचा. ओल आलेल्या भिंती, एक फळा, आणि गोष्टी सांगणारी आई. एका शनिवारी ती गथशेमाने बागेतल्या रात्रीची गोष्ट सांगत होती. प्रभू एकटा गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे, शिष्य झोपलेत, त्याला धरायला मशाली येताहेत, आणि ऐन त्या जागी कुंभारवाड्याजवळ राहणाऱ्या लहानग्या लीलेनं हात वर केला. "बाई, गथशेमाने कुठल्या पेठेत आहे?"

दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरीला हा प्रश्न पडला नसता. आम्हाला मात्र तो अगदी रास्त वाटला. जगात जे काही असेल ते कुठल्या ना कुठल्या पेठेत असणारच. सोमवार नाही तर गुरुवार, नाही तर नाना. आई हसली नाही. खडू खाली ठेवून ती म्हणाली, "चपला घाला."

तिनं आम्हाला तेल्याच्या घाण्यावर नेलं. पेठेत तेव्हा एक लाकडी घाणा शिल्लक होता. नामदेवकाका म्हणून एक तेली तो चालवायचे. डोळ्यांना झापडं लावलेला बैल गोल फिरतो आहे, लाकूड कुरकुरतं आहे, खालून तेलाची धार येते आहे, आणि सगळ्या अंधाऱ्या खोलीत तो दाट, उबदार वास. आई म्हणाली, "गथशेमाने म्हणजेच तेलाचा घाणा. तिथं जैतुनाची फळं अशीच पिळायचे. त्या रात्री प्रभूही असाच पिळला गेला." आम्ही बैलाकडे बघत उभे राहिलो. लीला रडायला लागली. नामदेवकाकांना वाटलं पोरगी बैलाला भ्याली. त्यांनी सगळ्यांच्या हातावर पेंडीचा एकेक तुकडा ठेवला. मी आजवर शेकडो प्रवचनं ऐकली, त्यांतली काही फार चांगली होती. पण त्या रात्रीबद्दल मला जे कळलं आहे ते तोंडात पेंड घोळवत कळलेलं आहे.

तिथून पुढे दर शनिवारी आई आम्हाला घेऊन निघू लागली. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला म्हणून आम्ही कुंभारवाड्यात. शलमोनाच्या मंदिरासाठी पितळेची भांडी घडली म्हणून तांबट आळीत. यार्देन अर्थातच मुठा. पुलाच्या बाजूनं उतरून गेलं की झालं. गालीलचा समुद्र खडकवासल्याला, तिथं वर्षातून एकदाच सहलीला जायचं, आणि वारा सुटून लाटा उठल्या की आई तिथल्या तिथं वादळाची गोष्ट काढायची. प्रभूनं जिथून शहराकडे पाहून अश्रू ढाळले तो जैतुनांचा डोंगर म्हणजे तळजाईची टेकडी. तिथं उभं करून ती म्हणायची, "बघा बरं पुण्याकडे. यात रडण्यासारखं काय काय दिसतं?" मग आम्ही एकेक सांगायचो. मी आज राहते ती बिबवेवाडी त्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. रडण्यासारखं तेव्हापेक्षा पुष्कळ वाढलं आहे. टेकडी इमारतींमागून दिसत नाही, हे त्यात धरून.

पेठेला या वरातीची सवय झाली. तांबट आळीच्या कोपऱ्यावर भांड्यांचं दुकान असलेले एक काका होते. ते गल्ल्यावरून मान वर न करता म्हणायचे, "काय बाई, आज कुठलं गाव? तिकिटं काढलीत ना पोरांची?" एकदा म्हणाले, "अहो, म्हणजे तुमचा देव आमच्याच पेठेत राहायचा म्हणा की! भाडं वेळेवर देत होता का?" आई म्हणाली, "नाही हो. त्याला कुणी खोलीच दिली नाही." काकांनी मान वर केली. नंतरही ते टोमणे मारायचे, पण आम्ही आलो की दुकानातल्या पोऱ्याला हातोडी थांबवायला सांगायचे.

या सगळ्याचा आजोबांना पत्ता नव्हता. शनिवारी दुपारी ते आजारी लोकांच्या भेटींना जायचे. आईनं लपवलं असं नाही, पण आपणहून सांगितलंही नाही. पप्पांना माहीत होतं, पण पप्पा बोलायचे नाहीत.

मग ते पाहुणे पाद्रीसाहेब आले. नगरकडचे, हसतमुख, जाडजूड गृहस्थ. कुठल्याशा परिषदेसाठी परदेशी गेले होते ते परतताना पवित्र भूमी पाहून आले होते. आमच्या ओळखीत तिथं प्रत्यक्ष पाय ठेवलेला तो पहिला माणूस. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये पडदा म्हणून पांढरी चादर लावली, मशीन आणलं आणि सगळी मंडळी कोंबून बसली. आम्ही वर्गातली पोरं पुढे जमिनीवर. आई बायकांत. आजोबा पहिल्या बाकावर, पाळकसाहेबांशेजारी, काठीवर दोन्ही हात ठेवून. दिवे गेले आणि चादरीवर रंगीत चित्र उमटलं. "हे बेथलेहेम," पाद्रीसाहेब म्हणाले. आम्ही श्वास रोखला. रस्ता होता, दुकानं होती, विजेचे खांब होते आणि मधोमध एक मोटार उभी होती.

"बेथलेहेमात मोटार कशी?" कुणीतरी कुजबुजलं. मोठ्यांत हशा पिकला. मग पाद्रीसाहेबांनी पुढचं चित्र लावलं. गवतातून जाणारं गढूळ पाण्याचं एक पात्र, आपल्या ओढ्याएवढं. "आणि हा यार्देन. इथंच प्रभूचा बाप्तिस्मा झाला."

आमच्या वर्गात वसंत नावाचा एक दणकट मुलगा होता. तो ताडकन उभा राहिला. "नाही पाद्रीसाहेब! हा यार्देन नाही. यार्देन मोठा आहे. नव्या पुलाखालून जातो. आम्ही बघितलाय!"

"हो, बघितलाय!" आम्ही सगळे ओरडलो. आमच्या दृष्टीनं पाहुणे सरळसरळ चुकत होते आणि आम्ही त्यांना मदत करत होतो. पाद्रीसाहेब गमतीत म्हणाले, "असं का? मग गथशेमाने कुठं आहे?" झालं. घाणा, नामदेवकाका, बैल, तळजाई, खडकवासला, सगळं एकमेकांच्या वरचढ आवाजात बाहेर आलं. शेवटी लीला अभिमानानं म्हणाली, "आम्ही दर शनिवारी देवाच्या गावांना जातो. बाई नेतात." मंडळी खदखदून हसत होती. आजोबा हसत नव्हते. चादरीवरच्या उजेडात मला त्यांची काठीवरची बोटं दिसली, पांढरी पडलेली.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पंच बसतील, एवढंच आईला सांगितलं. मला वाटलं आई रडेल. ती आमटी झाकून ठेवत होती. म्हणाली, "रुथे, सकाळी लवकर उठ. आपल्याला पाद्रीसाहेबांकडे जायचंय."

पाहुणे पाळकसाहेबांच्या घरी उतरले होते. आम्ही गेलो तेव्हा ते चहा पीत होते. त्यांना वाटलं बाई माफी मागायला आल्या. आई म्हणाली, "मला ती चित्रं पुन्हा दाखवता का? काल नीट बघता आली नाहीत." त्यांनी ती काचेच्या चौकटीतली चित्रं एकेक करून खिडकीच्या उजेडात धरली. आई वाकून बघत होती आणि विचारत होती. ही झाडं जैतुनाची का? पान कसं असतं? तिथला घाणा असाच लाकडी का? पाद्रीसाहेब रंगून गेले. म्हणाले, नाही बाई, तिथं दगडाचं मोठं चाक असतं, ते फळांवरून फिरतं. गालीलचं पाणी खारं का? नाही, गोडं, समुद्र म्हणतात, पण तळंच आहे. बेथानी गाव यरुशलेमापासून किती लांब? चालत जाण्याजोगं, टेकडी उतरून. प्रत्येक उत्तराला आई मान हलवायची आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची. शेवटी पाद्रीसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला जायचंय का तिकडे?"

"फार," आई म्हणाली. तिनं स्वतःला काही हवं आहे असं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. साडीसुद्धा ती पप्पा आणतील ती नेसायची.

पंच चर्चच्या मागच्या खोलीत बसले, आमच्याच वर्गात. आईला उभं केलं होतं. मी आणि जॉन दाराबाहेर, पण दार नीट लागायचंच नाही, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. एक पंच म्हणाले, बाईंचा हेतू चांगला असेल, पण पेठेत आपलं हसं झालं. दुसरे म्हणाले, मुलांना खोटं शिकवलं गेलं. मग आजोबा बोलले. चिडून नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हसं होऊ द्या, त्याचं मला काही नाही. पण सूनबाई, आपण तीर्थं सोडून आलोय. ही नदी पवित्र, तो डोंगर पवित्र, त्यापायी माझ्या बापानं मला दाराबाहेर काढलं. मी परत त्या घराचा उंबरा चढलो नाही. आई गेली तेव्हापण नाही. आणि तुम्ही माझ्याच नातवंडांना नदीवर नेऊन सांगताय, हा यार्देन? उद्या ती पाण्याला हात जोडतील."

मला आजोबांची फार दया आली आणि आईचीही. दोघांची एकदम कशी यावी हे कळत नव्हतं.

आई म्हणाली, "मामंजी, मी पोरांना तिथं हात जोडायला नेत नाही. कुणी जोडले तर मीच सोडवीन. पण ती मला विचारतात, गथशेमाने कुठल्या पेठेत. त्यांना वाटतं ही राजाराणीची गोष्ट आहे. कुठंच न घडलेली. ज्याला गाव नाही, रस्ता नाही, तो माणूस खरा कसा वाटायचा? प्रभूचे पाय खऱ्या मातीत मळले होते, एवढंच मला त्यांना दाखवायचंय. माझ्याकडे तिकडची माती नाही. इथली आहे."

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. वर्ग बाईंकडेच राहू द्यावा, पण चर्चच्या आवारात, असं ते म्हणाले. सुटकेचा मार्ग होता तो. पुष्कळांनी घेतला असता.

"नको," आई म्हणाली. "चर्चमधला वर्ग दुसऱ्या कुणाला द्या. ज्यांना माझ्याकडे पोरं पाठवायची असतील ते शनिवारी घरी पाठवतील. घरात शब्द मामंजींचा. तिथून मला बाहेर निघू द्यायचं की नाही, ते मामंजी ठरवतील."

तो आठवडा घरात हातोड्यांचा आवाज फार मोठा वाटायचा. प्रार्थना व्हायची, भाकऱ्या व्हायच्या. आजोबा आईशी बोलायचे नाहीत आणि आई त्यांना दोन्ही वेळा गरम वाढायची. पप्पांनी एकदाच, भांडं विसळता विसळता, विचारलं, "काय करणार?" आई म्हणाली, "नेणार." पप्पांनी मान डोलावली आणि पेटीपाशी जाऊन बसले.

शनिवारी दुपारी आजोबा भेटींना गेले नाहीत. ओट्यावर, नेमकी दाराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येणार नव्हतं. रस्त्यावर पोरं जमायला लागली. चर्चमधल्या वर्गातली सगळीच आली नव्हती, पण वसंत होता, लीला होती. ती सगळी आजोबांकडे बघत लांब उभी राहिली. आई पदर खोचून दारात आली. आम्ही तिच्या मागे. ती आजोबांच्या पाठीशी उभी राहिली आणि थांबली. आत वळली नाही.

बऱ्याच वेळानं आजोबांनी मागे न बघता विचारलं, "आज कुठं?"

"यार्देनावर. मागच्या वेळी मी रुंदी चुकीची सांगितली होती. ती दुरुस्त करायची आहे."

आजोबा उठले. खुर्ची उचलली आणि भिंतीकडे सरकवली. मग पुन्हा तिच्यात बसले. ते आमच्याबरोबर आले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही नाही. पटलं असंही कधी म्हणाले नाहीत. पण आईनं एखादा शनिवार चुकवला तर संध्याकाळी विचारायचे, "आज कुठं नेली नाहीत पोरं?"

त्या दिवशी आईनं आम्हाला नदीवर नेलं. वसंतला एका खडकावर उभं केलं, जॉनला जरा पुढच्या दुसऱ्या खडकावर. "यार्देन एवढाच आहे," ती म्हणाली. "वसंतपासून जॉनपर्यंत. मी तुम्हाला मोठा सांगितला, ते चुकलं. पाणी गढूळ आहे आणि काठाला लव्हाळे आहेत. गालीलचं पाणी गोडं आहे. आणि घाणा लाकडी नाही, दगडाच्या चाकाचा आहे. तेही चुकलं." एकामागून एक ती स्वतःच्या चुका सांगत होती, लाज न वाटता. आम्हाला मात्र वाईट वाटत होतं. एवढासा यार्देन आम्हाला नको होता. वसंत खडकावरून ओरडला, "मग बाई, आपला यार्देन खोटा का?"

"खोटा कसा?" आई म्हणाली. "तुम्हाला प्रभू इथं उभा दिसला ना? मग त्याचं काम झालं. पण खरा तिकडे आहे, आणि खऱ्याला भिऊन चालायचं नाही. मी सगळं ऐकीव सांगते. अजून काय काय चुकतेय ते मलाही माहीत नाही. तुमच्यापैकी ज्याला जमेल त्यानं जाऊन बघून यावं, आणि मी कुठं कुठं चुकले ते मला सांगावं."

आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. पोरं म्हणतात तसं, एका सुरात.

आई असेपर्यंत कुणालाच जमलं नाही. तिला स्वतःलाही नाही. पप्पा गेले, आजोबा त्याआधीच गेले होते; घाणा बंद पडला. आईची नजर गेल्यावर ती मला विचारायची, टीव्हीवर यरुशलेम दाखवतात का गं? मी म्हणायचे, दाखवतात, पण सगळा धूरच असतो. जॉन परदेशात स्थायिक झाला. वसंत सैन्यात गेला. लीलेचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्या वर्गातली पुण्यात उरलेली, पासपोर्ट असलेली आणि अजून चालू शकणारी अशी मीच.

हे लिहिता लिहिता माझं माझ्या लक्षात आलं, की पुसलं जाण्याचा धाक माझा आहे, आईचा कधीच नव्हता. खरं समजल्यावर तिनं पहिल्याच शनिवारी स्वतःच्या हातानं स्वतःचा यार्देन अरुंद करून टाकला. तिथं गेल्यावर माझ्या डोळ्यांपुढची मुठा पुसली गेली तर मला वाईट वाटेल. फार वाटेल. रडेनही, आणि गुडघ्यांमुळे रडते असं बरोबरच्यांना सांगेन. पण जाणार.

गेल्या रविवारी यात्रेकरूंची बैठक झाली. आमच्या तरुण पाळकसाहेबांनी प्रत्येकाला उठवून विचारलं, आपण कशासाठी जाता आहात? कुणी मनःशांती म्हणाले, कुणी पापक्षमा, कुणी नवस. एका बाईंनी डोळे पुसले. माझी पाळी आली तेव्हा मी पट्टे सावरत उभी राहिले आणि म्हटलं, "मी माझ्या आईच्या चुका काढायला चालले आहे."

सगळे हसले. हसू द्या. त्यांच्या आयांनी त्यांना हे काम सांगितलेलं नाही.